44 वरून 36 आलं, तरी आई म्हणते फरक नाही

ताई, दोन्ही फॉर्मचे प्रश्नवार आकडे टाकलेत ते बरं केलंत. नुसतं "सहा आठवड्यांत कंबरदुखीचा स्कोअर 44 टक्क्यांवरून 36 वर आला, फिजिओ म्हणतात सुधारणा आहे, आई म्हणते काही फरक नाही" एवढ्यावर काय सांगणार. मी सोळा वर्षं फिजिओ आहे, हा ओस्वेस्ट्रीचा फॉर्म (कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात ते मोजणारा, स्कोअर जितका जास्त तितका त्रास जास्त) किती वेळा भरून घेतला असेल त्याला गणती नाही, आणि तुमच्या केसमध्ये आधी हिशोबच चुकलाय.

दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5, म्हणून 50 पैकी. पण एक प्रश्न सोडला असेल तर 45 ने भागायचं असतं. आईंनी लैंगिक संबंधांचा प्रश्न दोन्ही वेळेस कोरा ठेवलाय (आपल्याकडे भरपूर जण ठेवतात, शेजारी सून बसून फॉर्म भरत असेल तर विषयच संपला). पहिल्या वेळी बेरीज 20, भागिले 45, बरोबर 44 टक्के. दुसऱ्या वेळी बेरीज 18 आणि ती भागलीय 50 ने! 45 ने भागा, 40 येतं. म्हणजे आठ नाही, चारच अंक उतरले. या फॉर्मवर साधारण 10 अंक उतरले तर पेशंटला जाणवेल असा फरक धरतात, चार अंक तर तोच माणूस काही न करता परत भरायला बसला तरी इकडेतिकडे होतात. तेव्हा या कागदाच्या भरवशावर फिजिओचं पुढचं पॅकेज घेऊ नका.

आता गंमत बघा. बेरजेत जे दोन मार्क कमी झालेत (20 चे 18) ते दोन्ही एकाच ओळीतले आहेत, झोपेच्या. 3 वरून 1. त्या ओळीत 3 म्हणजे दुखण्यामुळे चार तासांपेक्षा कमी झोप, आणि 1 म्हणजे कधीतरी झोपमोड. हा फरक लहान नाहीये हो, फक्त बेरजेत बुडाला. आईंना "फरक पडला का" असं मोघम विचारू नका, रात्री किती वाजता जाग येते ते विचारा. बाकी बसणं, उभं राहणं, वजन उचलणं जसंच्या तसं आहे म्हणून दिवसभर त्यांना तेच जाणवणार.

दुसरं, फॉर्म मणक्याबद्दल काही सांगत नाही, माणूस काय करू शकतो तेवढंच सांगतो, आणि तेही त्याच्या मनाने. माझ्याकडे एक आजी यायच्या, वजन उचलण्याच्या प्रश्नाला सरळ 0 द्यायच्या, काही त्रास नाही. मी विचारलं पाण्याची कळशी कोण उचलतं, तर म्हणाल्या, "मी कशाला उचलू, नातू देतो की ओट्यावर आणून." झालं! जे काम सोडूनच दिलंय त्याचा त्रास कसा होणार. शिवाय फॉर्म मूळचा इंग्लंडातला, 1980 साली छापलेला, त्यात बसणं म्हणजे खुर्चीवर बसणं. मांडी घालून जेवायला बसणं, भारतीय संडास, खाली बसून भाजी निवडणं यातलं काहीच त्यात नाही, ते मी वेगळं विचारते आणि कडेला लिहून ठेवते.

रोलंड-मॉरिसचा फॉर्म (हाही कंबरदुखीचाच) करायचा का असंही विचारलंय. तो 1983 चा, 24 वाक्यं, आजच्या दिवसाला जे लागू त्यावर खूण, जितक्या खुणा तितका स्कोअर. भरायला सोपा आणि हलक्या दुखण्यात बरा, पण "आज" म्हणजे खरंच आज, लग्नाला जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरला तर आकडा चढणारच. माझं मत, आता मध्येच फॉर्म बदलू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार. ओस्वेस्ट्रीचाच मराठीतला घ्या, आईंना एकट्यांना भरू द्या, तुम्ही चहा टाकायला आत जा.

आणि दोन्ही मांड्यांच्या मधे बधिरपणा वाटला, लघवी अडली किंवा ताबा गेला, तर स्कोअर काय आला ते बघत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.