आंब्याचं राहू दे, आधी डोळा दाखव

वेंगुर्ल्याहून एका सुनेने लिहिलंय: सासूबाईंना अकरा वर्षं मधुमेह, तरी चोरून आंबा खातात, उशाखाली आंबापोळी सापडते, बोललं की अबोला. 'मी करू तरी काय?'

अगं, दोन पानं आंब्यावर लिहिलीस आणि मधेच एक ओळ टाकून पुढे गेलीस: 'यंदा सुरंगीच्या फुलांचे वळेसरही ओवले नाहीत, म्हणतात उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टकं तरंगतात. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून आणला.' मी त्या ओळीवरच अडकले.

अशी काळी कोळिष्टकं नव्याने दिसायला लागली, तर डोळ्याच्या आत रक्त उतरलेलं असू शकतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात, मग नव्या फुटतात आणि त्या फार ठिसूळ असतात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही बरेच दिवस शाबूत असते. म्हणून तर मधुमेह कळल्यापासून दर वर्षी पडदा तपासायचा. दुकानात नंबर निघतो, पडदा तपासला जात नाही. शिवाय साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. ताटावर रोज पहारा आणि डोळ्यांकडे अकरा वर्षांत एकदाही लक्ष नाही, याचा मला राग येतो. त्यांनी तर सांगितलं होतं तुला!

उद्याच ने त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे. कुडाळ, सावंतवाडी, नाहीतर सरळ गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. 'थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघा' असं स्पष्ट सांग. साखरेचे, रक्तदाबाचे कागद बरोबर घे. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, तेव्हा एसटीने एकट्या पाठवू नकोस. लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन सांगितलं तर दोघीही घाबरू नका, डोळा बधिर करूनच देतात. गेलेली नजर पूर्ण येईलच असं नाही, पण उरलेली बहुतेक वेळा वाचवता येते. ती वाचवायला उशीर करू नकोस. आणि वाटेतच डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं, तर नंबर लावून बसू नका, तातडीने आत घ्यायला सांगा.

आंबा किती चालेल ते त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांना विचार, आणि त्यांच्यासमोरच विचार, म्हणजे लपवालपवी उरणार नाही.

नवऱ्याला उद्याची रजा टाकायला लाव. आई त्याची आहे, गाडी तो चालवेल.