वाईत राहून वाईतच शनिवार-रविवार काढायचा तर वेळा बघून काढा

तुम्ही विचारलंय की दर सुट्टीला बाहेरगावी जाऊन दमून परतण्यापेक्षा आपल्याच गावात घरच्यांसोबत दोन दिवस मजेत जातात का, की शेवटी जो तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो. आमचं गाव वाई, तेव्हा वाईपुरतं सांगतो.

मजेत जातात. फक्त पर्यटकांच्या वेळा पर्यटकांना देऊन टाकायच्या. शनिवारी दहा वाजले की पुण्या-मुंबईच्या गाड्या महाबळेश्वरला जाताना गावात शिरतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि पसरणी घाटाला लागतात. त्या वेळात आम्ही घरात. सकाळी नऊपर्यंत आणि अंधार पडल्यावर गाव आमचं. पुण्याचा धाकटा भाऊसुद्धा शुक्रवारी रात्री जेवूनच निघतो, कारण शनिवारी सकाळी निघाला तर खंबाटकीत अडकलाच म्हणून समजा.

शनिवारी उजाडता उजाडता पोरांना उठवून मेणवलीला नेतो. कुरकुर होते, गाडीत बसेपर्यंतच. नाना फडणविसांचा वाडा उघडायची वाट बघत बसत नाही, सरळ नदीवर उतरतो. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि थंडीच्या दिवसांत पाण्यावर धुकं असतं. तिथे देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांनी जिंकली, तिकडच्या पोर्तुगीज चर्चमधली ही घंटा. लांबून ती कुठल्याही देवळातली वाटते. जवळ गेलं की धातूवर उठावात मेरी आणि तिच्या कडेवरचा बाळ येशू दिसतो. मागच्या खेपेला पुतण्याने आजोबांना विचारलं, "लढाई संपली, मग परत का नाही दिली?" आजोबा म्हणाले, "आधी नाश्ता करू." अजून उत्तर दिलेलं नाही.

धोमलाही जाता येतं, महादेवाच्या देवळात कासवाच्या पाठीवरचा नंदी बघण्यासारखा आहे. पण एका सकाळी एकच ठिकाण. दोन जोडली की सहल होते, आणि सहल झाली की कुणीतरी घड्याळ बघायला लागतं.

दुपार आमच्याकडे सगळ्यात भरगच्च, आणि तीही घरातच. कृष्णाकाठ हळदीचा, त्यामुळे हंगामात ओली हळद येते आणि लोणचं घालायचं काम निघतं. आई हळद सोलून देते, आम्ही सगळे गोल बसून तिच्या बारीक काचऱ्या करतो. मग मीठ, मोहरीची डाळ, भरपूर लिंबाचा रस आणि वरून गार केलेली फोडणी. पोरांची बोटं इतकी पिवळी होतात की सोमवारी शाळेतही लपत नाहीत. हे चालू असताना वडील विश्वकोशाचा एखादा खंड काढतात. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली याच गावातून उभं राहिलं, त्यामुळे वडिलांना तो घरचाच वाटतो. नोंदीचं नाव झाकून ते मजकूर वाचतात आणि ओळखा म्हणतात. प्राण्यांच्या नोंदी पोरं पटापट ओळखतात. रसायनांच्या नोंदीला मोठेच पाणी प्यायला उठतात. हात हळदीचे असल्यामुळे मोबाइलला कुणी शिवत नाही, हा मधल्यामधे फायदा.

संध्याकाळी गाड्या पांगल्या की गणपती आळीचा घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं. बाहेरची माणसं मूर्तीसमोर उभी राहतात, तशी ती आहेही भव्य. पण देवळाच्या मागे जाऊन बघा. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती काढली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फुटावं म्हणून. तिथल्या पायऱ्यांवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच, आणि तासभर नुसत्या गप्पांत जातो. माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू असला तर मग काहीच ठरवावं लागत नाही. आज कुठल्या आळीच्या घाटावर आहे एवढं विचारून निघायचं.

तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाहीत. मेणवलीसारखं काही नसेलही, त्याने फारसं बिघडत नाही. पण हे दोन दिवस स्वयंपाकघरात कोण उभं राहणार ते शुक्रवारीच ठरवा. आधी आमच्याकडे सगळे निवांत असायचे आणि आई, बायको, वहिनी ओट्याशी. आता शनिवारी पिठलं-भाकरीच्या वर काही करायचं नाही. रविवारी सकाळी मिसळ मी आणि भाऊ बाहेरून डब्यात आणतो, डबेही आम्हीच घासतो. बायको आणि वहिनी खूश आहेत. आईला मात्र हे मुळीच पटलेलं नाही, शनिवारी रात्री सगळे झोपले की ती गुपचूप मटकी भिजत घालून ठेवते.