ऑइल पेंटचे ओघळ का येतात?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. घरच्या लोखंडी दरवाजाला स्वतःच ऑइल पेंट मारला, एका हातात काम संपावं म्हणून चांगला जाड मारला आणि सकाळी बघतो तर सगळे ओघळ. दुकानदार म्हणाला थिनर वाढवा, तर पुढच्या वेळी अजूनच वाहिला. आणि पावसात सोसायटीच्या उतारावरून पाणी लाटालाटांनी येतं, तेही असंच काही असतं का?

उत्तर : चूक रंगाची नाही हो, थराच्या जाडीची आहे. उभ्या पत्र्यावर रंगाचा अगदी आतला भाग चिकटून बसतो, हलत नाही, आणि बाहेरचा त्याच्यावरून घसरतो, म्हणून जाडी दुप्पट केली की खाली वाहणारा रंग दुप्पट नाही, 8 पट होतो! थिनरने घट्टपणा निम्मा केला तर वाहणं दुप्पटच होतं, पण ती दुप्पट जाडी तशीच ठेवून तुम्ही त्यात थिनर घातलंत, म्हणजे पातळ हाताच्या मानाने झालं 16 पट. मग अगदीच पातळ मारायचा का, तर तसंही नाही, कारण ब्रशच्या रेघा पृष्ठताणामुळे सपाट होतात आणि त्यालाही थोडी जाडी लागते, नाहीतर रेघा तशाच सुकतात. म्हणूनच जुने पेंटर दोन पातळ हात मारतात, ते बरोबरच आहे.

उताराच्या लाटा त्याच कुळातल्या. प्योत्र कापित्झा या रशियन शास्त्रज्ञाला 1946 मध्ये पदावरून काढलं तेव्हा त्याने गावाकडच्या घरातच प्रयोगशाळा मांडली आणि मुलाला हाताशी घेऊन पातळ थरातल्या या लाटांचा अभ्यास केला, मला हे फार भारी वाटतं. या लाटांनी थर ढवळला जातो आणि उष्णता पटकन सुटते. रबाळे, महापेच्या कंपन्यांत कूलिंग टॉवर दिसतात ना, त्यात बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या पन्हाळी पत्र्यांवरून पाणी असंच पातळ पसरवून थंड करतात. दूध आटवायच्या प्लांटमध्येही उभ्या नळ्यांच्या आतून दुधाचा पातळ थर उतरतो, तो कुठे तुटला की तिथे दूध करपून चिकटतं.

आता तुमचा दरवाजा : ओघळ पूर्ण कडक होऊ द्या, पावसाळी हवेत जास्त वेळ लागेल, घाईत घासलात तर चिघळतील. मग पॉलिश पेपर मारा, पुसा, आणि एक पातळ हात द्या, कोपऱ्यात साचलेला रंग ओला असतानाच ब्रशने ओढून घ्या.