यखन्याला किती वेळा मोजायचे?

प्रश्न : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. तिच्यात चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट सांगितले आहेत. मोजून पाहिले तर शेवटच्या गटात तेराच नावे भरतात. शिवाय जुन्या करारातल्या १ इतिहास ३ मधले काही राजे इथे नाहीतच. मग या वंशावळीतून देवाचा विश्वासूपणा दिसतो असे कसे म्हणायचे?

उत्तर : तुमची मोजणी बरोबर आहे. अब्राहामापासून दावीदापर्यंत १४, शलमोनापासून यखन्यापर्यंत (बाबेलला कैदी होऊन गेलेला यहूदाचा राजा) १४ आणि शल्तीएलापासून येशूपर्यंत १३. यखन्याला तिसऱ्या गटात पुन्हा धरले की १४ होतात. सतराव्या वचनात मत्तय दावीदाचे नावही असेच दोनदा घेतो. चौदाच का, याचे एक जुने उत्तर असे, की इब्री लिपीत ‘दावीद’ या नावाची अक्षरे अंक म्हणून वाचली तर ४ + ६ + ४ म्हणजे १४ भरतात.

आता गाळलेली नावे. १ इतिहास ३:१०-१६ शेजारी उघडून ठेवा. योराम आणि उज्जीया (तिथे अजऱ्या) यांच्यामध्ये अहज्या, योवाश, अमस्या हे तिघे आहेत. योशीया आणि यखन्या यांच्यामध्ये यहोयाकीम आहे. ही चूक नव्हे. ‘अमक्याला तमका झाला’ म्हणताना मधली पिढी सोडण्याची त्या काळी रीत होती. पहिल्याच वचनात येशूला ‘दावीदाचा पुत्र’ म्हटले आहे, आणि दोघांमध्ये तर कित्येक शतके आहेत.

मात्र गाळलेल्या जागेवरून घाईने पुढे जाऊ नका. योरामाची बायको अथल्या ही इस्राएलाचा दुष्ट राजा अहाब याची मुलगी. मुलगा अहज्या मारला गेल्यावर तिने राजवंशच संपवायला घेतला. तान्हा योवाश तेवढा वाचला. त्याच्या आत्याने, यहोशेबाने, त्याला सहा वर्षे मंदिरात लपवले (२ राजे ११). दावीदाचा वंश त्या एका मुलावर येऊन ठेपला होता. योराम इतका वाईट असूनही दावीदाशी केलेल्या करारामुळे, म्हणजे त्याचे घराणे टिकवण्याच्या वचनामुळे, परमेश्वराने ते घराणे नष्ट केले नाही, असे २ इतिहास २१:७ स्पष्ट सांगते.

दुसरी अवघड जागा खुद्द यखन्या, म्हणजेच यहोयाखीन. अठराव्या वर्षी गादीवर आला आणि तीन महिन्यांत, इ.स.पू. ५९७ मध्ये, कैदी होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेला. तू माझ्या उजव्या हातातली मुद्रिका (शिक्क्याची अंगठी) असतास तरी तुला उपटून टाकले असते, असे परमेश्वर त्याला म्हणतो. त्याचा वंशज दावीदाच्या गादीवर बसणार नाही, असेही सांगतो (यिर्मया २२:२४-३०). इथे करार मोडला असेच कोणालाही वाटेल. पण बाबेलात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदाचा राजा’ यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. वंश कैदेतही चालू होता. पुढे इ.स.पू. ५२० मध्ये त्याच्याच वंशातल्या जरुब्बाबेलाला परमेश्वर सांगतो, ‘तुला मुद्रिकेसारखा करीन’ (हाग्गय २:२३). जरुब्बाबेल राजा झाला नाही, अधिकारीच राहिला. शिक्षा खरी ठरली, वचनही टिकले. म्हणून यखन्याचे नाव दोन गटांच्या सांध्यावर आहे, हे फार मोलाचे वाटते.

प्रश्न : तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’ यांची नावे कशासाठी?

उत्तर : राहाब कनानी, रूथ मवाबी, बथशेबाचा पहिला नवरा उरीया हित्ती. ‘पृथ्वीवरील सर्व कुळे तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील’ हे अब्राहामाला दिलेले वचन (उत्पत्ति १२:३) या यादीतच पुरे होऊ लागले आहे. बथशेबाचे नाव न घेता मत्तय तिला उरीयाची म्हणतो, म्हणजे दुसऱ्याची बायको घेऊन उरीयाला मारवण्याचे दावीदाचे पाप तो झाकत नाही. वाचताना क्रमही पाहा : २ शमुवेलात करार सातव्या अध्यायात आहे, पाप अकराव्यात. आणि त्या करारातच आधी म्हटले होते, की तुझ्या मुलाने अधर्म केला तर मी त्याला शिक्षा करीन, पण माझी दया त्याच्यापासून काढून घेणार नाही.