आणखी एकच पेडल, मग बास

"मॅडम, हे व्यसनच ना? दारू असती तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या पुण्यातल्या एका बाई हे म्हणाल्या ते खुर्चीत नीट बसायच्या आधीच. नवरा आयटीत, अडतीस वर्षांचा, हौशी गिटारवादक. (तपशील अर्थातच बदललेत.) घरात सात गिटार, एकोणीस पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी यंत्रं). नवीन खोकी ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि आतला माल लॅपटॉपच्या बॅगेतून घरी. हा प्रश्न मला कीबोर्डवाल्यांच्या घरूनही येतो, आणि हल्ली घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या तर फारच.

नवरा आला तो उत्तर तयार ठेवूनच. "आमच्यात याला गॅस म्हणतात. सगळ्यांनाच असतो." शब्द खराच आहे: 'गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम', म्हणजे गिटार घेत राहण्याचा आजार, याची इंग्रजी आद्याक्षरं. स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकर यांनी १९९०च्या दशकात तो गमतीने रूढ केला; त्यातला 'जी' आधी गिटारचा होता, पुढे 'गिअर'चा, म्हणजे सगळ्याच सामानाचा झाला. पण गमतीचा शब्द पांघरूण म्हणूनही छान चालतो.

मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यात लाडकी गिटार घेऊन या. आणली. काळीभोर, देखणी, लाखाच्या वरची. दोन ओळी वाजवल्या आणि थांबला. सगळ्यात बारीक तारेला गंज चढला होता, बोटावर तांबूस रेघ उमटली. त्याने बोट जीन्सला पुसलं. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

'खरेदी बंद' असं मी सांगत नाही. चोरून चालू राहते. गेल्या वर्षभरातल्या ऑर्डरी फक्त तारीख-वेळेसकट लिहून आणायला सांगितल्या. निम्म्याहून जास्त रविवारी रात्री अकरानंतरच्या निघाल्या. रविवारी काय असतं? बँडची प्रॅक्टिस. एका गाण्यातला सोलो त्याला वर्षभर जमत नव्हता, दर वेळी त्याच जागी बोटं अडकायची, मित्र हसून सोडून द्यायचे. घरी येऊन तो पेडलचे व्हिडिओ बघत बसायचा. "त्यांच्या हातात ते वाजतं ना, मॅडम. वाटतं, माझ्याकडे तो आवाज नाही म्हणून अडलंय." आणि खोकं उघडल्यावर? "पंधरा मिनिटं." डोपामिनचा जोर वस्तू मिळण्यापेक्षा मिळणार या आशेवर जास्त असतो, हे मी त्याला सांगितलं खरं, पण ते त्याला माझ्याआधीच कळलं होतं.

मग साध्या गोष्टी केल्या. फोनमध्ये साठवलेला कार्ड नंबर काढला. हवीशी वस्तू वहीत तारखेसह लिहायची आणि तीस दिवस थांबायचं. रविवारी घरी आल्यावर आधी ती अडलेली जागाच दहा मिनिटं, अगदी संथ लयीत. सगळ्यात अवघड निघालं बायकोला आकडा सांगणं. तिचा अंदाज साठ हजारांचा. हप्ते थकले होते दोन लाख चाळीस हजारांचे. ती रडली, पण आकड्यामुळे नाही. "बॅगेतून का आणायचास रे?" एवढंच विचारत राहिली.

किती गिटार म्हणजे जास्त, असं मला नेहमी विचारतात. मी वाद्यं मोजत नाही. तबलजीला वेगवेगळ्या स्वरांचे दोन-तीन तबले लागतातच. मी बघते लपवाछपवी, हप्ते, आणि घरखर्चाला लागलेली कात्री. मात्र एखादा माणूस अचानक चार दिवसांत वारेमाप खर्च करू लागला, झोप कमी आणि बडबड जास्त झाली, तर माझ्याकडे नको, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ते वेगळं दुखणं असू शकतं.

तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. "परवा पुन्हा खोकं आलं. घरच्या पत्त्यावर. माझ्या पोटात गोळाच आला. आत तारा निघाल्या, सातशे रुपयांच्या."

सोलो अजून जमलेला नाही. वहीत एक ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, लिहिलेला आहे आणि तीस दिवसांतले नऊ उरलेत, हे मात्र त्याने मला न विचारता सांगितलं.