पारदर्शक सोलर काचेवर छोटे वायरलेस सेन्सर बॅटरीशिवाय चालतील का?

उन्हात चालतील. घरातल्या एलईडीच्या उजेडात मात्र जवळजवळ नाही, आणि जाहिरातींत नेमकं हेच सांगत नाहीत.

सूर्यप्रकाशातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. खरी पारदर्शक सोलर काच ती आणि थोडे अतिनील किरण शोषते, दिसणारा उजेड सोडून देते. २०१४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड लंट यांच्या गटाने अशी काच केली. तिच्यातला सेंद्रिय पदार्थ अदृश्य किरण शोषून काचेच्या कडेकडे वळवतो आणि तिथल्या बारीक सोलर पट्ट्या त्यांची वीज करतात. कार्यक्षमता १ टक्क्याच्या आतच होती.

आता हिशोब बघा. कडक उन्हात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० मिलिवॅट मिळतात. १० चौ.सेंमी. काच, कार्यक्षमता २ टक्के धरली तरी २० मिलिवॅट. काही मिनिटांनी एकदा ब्लूटूथवर तापमान पाठवणाऱ्या सेन्सरला सरासरी शंभराहून कमी मायक्रोवॅट (मायक्रोवॅट म्हणजे मिलिवॅटचा हजारावा भाग) पुरतात! रात्रीसाठी एक सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा छोटा भाग, जोडायचा. मोबाईलचं म्हणाल तर पूर्ण स्क्रीनवर ही काच बसवूनही एका चार्जला सत्तर-ऐंशी तास ऊन लागेल, तो नाद सोडा.

एलईडीच्या उजेडात अवरक्त किरण नसतातच म्हटलं तरी चालेल. म्हणून घरात वापरायचा असेल तर कॅल्क्युलेटरवर असते तशी गडद तपकिरी अमॉर्फस सिलिकॉनची पट्टी घ्या. ती दिसणारा उजेडच शोषते, म्हणून तर गडद दिसते.