संपत्तिनिर्मितीच्या महागड्या सेमिनारची फी वसूल होते का?

मोफत परिचय सत्र ऐकून आल्यावर आता तीन दिवसांच्या मुख्य सेमिनारसाठी मोठी रक्कम मागितली जात आहे, ती भरावी का आणि पुढे ती वसूल होते का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते भरू नये. हे मी इतक्या तातडीने सांगतो याचे कारण असे की मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, आणि पंचवीस वर्षे इतरांचे ताळेबंद तपासल्यानंतर अशाच एका सेमिनारला मी स्वतः तीन महिन्यांच्या पगाराएवढी फी भरली आहे.

खरे तर मी तेथे राखण करायला गेलो होतो. माझ्या धाकट्या मेहुण्याने परिचय सत्रासाठी नाव नोंदवले होते, आणि आकड्यांच्या बाबतीत तरी तुम्हाला कोणी गंडवणार नाही, असे म्हणून पत्नीने मला त्याच्याबरोबर पाठवले. सभागृह विलक्षण थंड होते, भिंतीवर घड्याळ नव्हते आणि वक्ता येण्यापूर्वी अर्धा तास कानठळ्या बसवणारे संगीत चालू होते. मी मागच्या रांगेत वही उघडून बसलो. वक्त्याने चक्रवाढीचे गणित मांडले, ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ निघतो हा जुना नियम समजावून सांगितला, आणि दरमहा ५ टक्के परतावा धरला तर साधारण चौदा महिन्यांत पैसे दुप्पट होतात, असे दाखवले. गणित बिनचूक होते. लबाडी होती ती गृहीत धरलेल्या दरात, आणि ती मला तेथेच दिसली. कारण दरमहा ५ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ७९.६ टक्के, आणि दहा वर्षांत रकमेच्या जवळजवळ ३४९ पट. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर ७९.६ हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे, आणि त्याच पानाला फी भरल्याची पावती टाचलेली आहे.

हे कसे घडले, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. माझ्यानंतर नोकरीला लागलेल्या एका सहकाऱ्याने त्याच वर्षी स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता, आणि आपण जन्मभर दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करत बसलो ही बोच मला लागून राहिली होती. वक्त्याने शेवटी माणसांचे दोन गट सांगितले, निर्णय घेणारे आणि हिशेब करत बसणारे. मूळ फीवर काट मारून जवळजवळ पाचवा भाग शिल्लक ठेवला, पहिल्या तीस जणांसाठी ही सवलत आजच्यापुरती आहे असे जाहीर केले, आणि लोक मागच्या टेबलाकडे अक्षरशः धावले. मी मागच्याच रांगेत असल्यामुळे मला फार धावावे लागले नाही. मेहुणा माझ्या मागोमाग आला, आणि भाऊजींनी भरले म्हणून मी भरले, हे वाक्य मी आजपर्यंत ऐकतो आहे.

तीन दिवसांत काय शिकवले? पहिल्या दिवशी स्वप्ने लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने बँकेला फोन करून क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यावी, असा गृहपाठ मिळाला. त्याला आत्मविश्वासाचा सराव असे नाव दिले होते. ही वाढलेली मर्यादा कशासाठी हवी होती ते संध्याकाळी कळले, कारण खरे ज्ञान वर्षभराच्या वैयक्तिक मार्गदर्शनात असून त्याची फी आम्ही भरलेल्या रकमेच्या कैक पट होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठून आलो आणि फी परत मागितली, तेव्हा पूर्ण तीन दिवस हजर राहिलेल्यांनाच परतावा मिळतो, हे छापील अटींमधले कलम मला दाखवण्यात आले. इतरांच्या करारांतली बारीक अक्षरे वाचून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या अटी वाचल्या नव्हत्या. मेहुण्याने मात्र कर्ज काढून पुढची पायरी घेतली.

हा प्रकार एखाद्या आयोजकापुरता नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाने अमेरिकेत असेच सेमिनार विकणाऱ्या ट्रम्प युनिव्हर्सिटीवरील दाव्यांची कागदपत्रे २०१६ मध्ये न्यायालयाने खुली केली, तेव्हा त्या संस्थेच्या विक्रेत्यांसाठीच्या पुस्तिकेत सभागृहाचे तापमान ६८ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, अशी सूचना आढळली. ते वाचताना मला आमचे सभागृह आठवले. तेथेही आरंभी मोफत सत्र, मग १,४९५ डॉलरचे तीन दिवस, आणि त्यानंतर ३४,९९५ डॉलरचे मार्गदर्शन अशीच चढण होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २.५ कोटी डॉलर देऊन, पण दोष मान्य न करता, ते दावे मिटवण्यात आले. अशा व्यवसायात प्रत्येक पायरी ही पुढच्या पायरीची जाहिरात असते, आणि ज्या वक्त्याला दरमहा ५ टक्के मिळवता येतात त्याला तुमच्या फीची गरज का पडावी, हा प्रश्न सभागृहात कोणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. या सेमिनारांत जे खरे असते ते फुकट उपलब्ध असते: जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडा, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, बाकीचे पैसे कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजार निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणाऱ्या फंडात, दीर्घकाळ राहू द्या. जे फुकट मिळत नाही ते बहुधा खरे नसते. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातील एका शेअर दलालाकडील ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली, तेव्हा सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, तर बाजाराने १७.९ टक्के दिले होते. साधा इंडेक्स फंड तज्ज्ञांनी निवडलेल्या फंडांना मागे टाकेल, अशी पैज अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी लावली होती, आणि त्या प्रसिद्ध पैजेत साध्या इंडेक्स फंडाने एकूण १२५.८ टक्के वाढ दिली. समोरच्या बाजूने निवडलेल्या पाच फंडांपैकी सर्वांत चांगल्याची वाढ ८७.७ टक्के होती. हे पाहिल्यावर तीन दिवसांत बाजारावर मात करायला शिकवणाऱ्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. तरीही जायचेच असेल तर अटींचा कागद घरी आणून दोन दिवस वाचा. दोन दिवसांनी जी सवलत उरत नाही ती सोडून द्यावी.

मेहुण्याचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते येथे नोंदवले नाही तर तो मला पक्षपाती म्हणेल. त्याची आर्थिक स्थिती आज माझ्यापेक्षा बरी आहे, आणि त्याचे श्रेय तो सेमिनारला देतो. घडले ते असे. मार्गदर्शनाच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तो दोन वर्षे दरमहा भरत होता. मार्गदर्शकाने सुचवलेल्या एकाही व्यवहारात त्याला नफा झाला नाही. पण कर्ज फिटल्यावर तेवढी रक्कम हातात आल्याची त्याला सवयच राहिली नव्हती, म्हणून हप्त्याच्याच तारखेला तेवढीच रक्कम तो इंडेक्स फंडात टाकू लागला, आणि ते त्याने आजपर्यंत थांबवलेले नाही. मी म्हणतो की त्याला सेमिनारने काही शिकवले नाही, शिकवले ते बँकेच्या हप्त्याने, आणि हीच सवय पहिल्या महिन्यापासून लावली असती तर फी, व्याज आणि दोन वर्षे वाचली असती. तो म्हणतो, "भाऊजी, पण लावली नसती ना!" यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, एवढे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. परीक्षा घेऊन मान्यताप्राप्त पात्रता देणारे अभ्यासक्रम, किंवा लेखा, कर, विमा यांसारखे ठरावीक कौशल्य शिकवणारे वर्ग यांना माझे बोलणे लागू नाही. त्यांत काय शिकवणार ते आधी लिहून दिलेले असते. ज्यांच्या घरी पैशांविषयी बोलणेच वर्ज्य होते अशा काही माणसांना या सेमिनारांत प्रथमच मोकळे बोलता येते, हेही मी पाहिले आहे, मात्र त्यासाठी तीन महिन्यांचा पगार लागू नये.

हे उत्तर मी मेहुण्यालाही पाठवणार आहे. ७९.६ चा आकडा मी नंतर लिहिला असा त्याला संशय आहे. वही माझ्याकडे आहे, त्याने येऊन शाई पाहावी.